साक्षीची सही

डोंगरावरच्या आमच्या छोट्या वनउद्यानात एक नियम आहे. नवा पक्षी दिसला की फाटकावरच्या वहीत नोंद करायची, पण तो दोघांनी पाहिलेला हवा. एकाची सही पाहणाऱ्याची, दुसऱ्याची साक्षीची. नव्याण्णव पक्षी झाले होते. शंभरावा ज्याला आधी दिसेल, त्याचं नाव फाटकावरच्या पाटीवर लागणार होतं.

ते माझंच, असं मी धरून चालले होते. आठवडाभर शिवणयंत्र चालवायचं आणि रविवारी डोंगर चढायचा, अशी नऊ वर्षं काढली. मग धाकट्या जावेला हौस आली. आयत्या बिळावर नागोबा! गळ्यात महागडी दुर्बीण. चौकीदार माझ्याशी कधी धड बोलला नाही. तिला मात्र घरटी दाखवायला लागला. माझ्या पोटात दुखायचं. खोटं कशाला सांगू?

एका रविवारी तिनं माझा दंड धरला. "ताई, तो बघा! वाळक्या खोडावर. लाल डोक्याचा सुतारपक्षी!"

मलाही चांगला दिसत होता मेला. ठकठक चालली होती.

"कुठे गं?" मी म्हटलं. "मला तर नुसतं खोड दिसतंय."

पक्षी उडून डावीकडच्या झाडीत गेला.

"जाऊ दे. साक्ष नाही, तर नोंद नाही," ती म्हणाली. मला बरं वाटलं.

पुढच्या रविवारी मीच तिला त्या खोडापाशी नेलं. ती वाकून बुटाची नाडी बांधत होती, तेवढ्यात तो आला. "अगं, बघ!" मी ओरडले. माझ्याच ओरडण्यानं तो उडाला. ती उभी राहिली तेव्हा खोड रिकामं होतं.

फाटकावर मी वही उघडली, सही केली. चौकीदारानं विचारलं, "साक्षीला कोण?"

मी पेनाचं टोपण लावायला लागले.

"मी आहे ना," जाऊ म्हणाली आणि तिनं सही केली.

उतारावर मी तिला गाठलं. "तू तर खाली वाकली होतीस."

"आज नाही, गेल्या रविवारी पाहिला की." ती हसली. "तुम्हीही पाहिलात, ताई. तो डावीकडे उडाला, तशी तुमची मानही वळली. आणि चष्म्याशिवाय सुई ओवणारे डोळे तुमचे."

पाटीवर आता माझं नाव आहे. मी हल्ली मागच्या वाटेनं चढते. तिकडे चढ फार आहे, गुडघे बोंबलतात, पण फाटक लागत नाही.