तणाची हिरवळ

माझा स्वभाव तापट आहे, हे सिडकोतल्या आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. अंगणातल्या हिरवळीवरून मी दूधवाल्याशी, पेपरवाल्याशी आणि सख्ख्या मेव्हण्याशीही भांडलोय. हिरवळ म्हणजे घोळ. होय, तीच, जिची आंबूस भाजी करतात आणि शेतातून जिला उपटून उपटून बायका थकतात. आधी मी रोपवाटिकेतून रीतसर लॉन आणलं होतं. पण आमच्याकडे नळाला पाणी येणं हा सणच असतो. ते माणसांनी प्यायचं की गवताला पाजायचं? लॉन उन्हाळ्यात जळालं आणि कुंपणाकडची घोळ आपण होऊन त्या जागेवर सरकत आली. ना पाणी मागायची, ना कापणी. मी तिला हौसेनं पसरवलं. ऊन चढलं की तिची पिवळी फुलं उघडत आणि मी हातात चहा घेऊन उगाचच खूश होत असे. शेवटी पाटीही लावली, 'हिरवळीवर पाय ठेवू नये.'

त्या रविवारी मनकर्णाबाई येणार होत्या. आमच्या अंबिकेनं तिच्या कंपनीतल्या बद्रीनाथशी लग्न करायचं ठरवलं होतं. मंडळी पाचोडकडची, शेती करणारी. मुलगा सोन्यासारखा, पण आई हो म्हणाली तरच, असं त्यानं स्वच्छ सांगितलेलं. आणि अंबिकेला तोच हवा होता.

"बाबा, त्या काहीही म्हणू देत, आज तुम्ही चिडायचं नाही," तिनं मला बजावलं.

बद्रीनाथ आईला फाटकाशी उतरवून गाडी लावायला जागा शोधत गेला. मनकर्णाबाईंनी पाटी वाचली, पाटीमागं पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"भाऊ, तुमची हिरवळ तर पार तणाखाली गेली की."

मी तोंड उघडलं. खिडकीतून अंबिकेनं डोळे वटारले. मी तोंड मिटलं.

"शहरात खुरपाया मानूस मिळत नसंल," म्हणत त्यांनी नव्या लुगड्याचा पदर खोचला आणि खाली बसल्या. "लॉन खाली दबलं असंल. मोकळं करून देते. तवर च्या व्हईल."

आता सांगायचं काय? मी तण जोपासलंय असं शेतकरणीला सांगितलं तर वेडा ठरणार, आणि वेड्याच्या घरची मुलगी कोण करून घेतो? त्यांचा हात तर असा झपाझप चालत होता की माझी लाडकी घोळ मुळासकट वर येत होती. माझी कानशिलं तापली. पण पाहुणी एकटी राबतेय हेही बरं दिसेना. म्हणून मीही शेजारी बसलो आणि स्वतःच्याच बागेवर तुटून पडलो. माझी बायको सरोजिनी चहा घेऊन दारात आली, हे दृश्य पाहिलं आणि ट्रे नि गाडी लावून परतलेला बद्रीनाथ, दोन्ही घेऊन तशीच आत गेली.

सगळं अंगण उघडं पडलं. मनकर्णाबाईंनी माती चाचपली.

"भाऊ, लॉन कुठाय?"

"तुमच्या मागं ढीग पडलाय ना, तेच," मी म्हणालो. चिडायचं राहूनच गेलं, आवाज रडवेला आला.

"ही घोळ? तुमी लावली व्हती?"

"वाढवली. पाणी लागत नाही हिला."

त्यांनी पाटीकडं पाहिलं, ढिगाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मग तोंडात पदर कोंबून त्या जे हसायला लागल्या, ते थांबेचनात. "जलम गेला माझा हिला उपटन्यात," त्या कशाबशा म्हणाल्या, "आन तुमी हिच्यावर पाय पडू नये म्हनून पाटी लावली." मलाही हसू फुटलं. दोघंही पोट धरून मातीत बसलो.

मग डोळे पुसत त्यांनी ढिगातली एक काडी घेतली आणि मातीत दाबली. "मरत नाय ही. चला, लावू परत."

आम्ही समोरासमोर लावत निघालो. थोड्या वेळानं त्या हळूच म्हणाल्या, "खरं सांगू? मी नाय म्हनायलाच आले व्हते. म्हनलं, माती लागली की ही शहरातली मानसं साबन शोधत्यात. त्यांची पोर आपल्या घरी काय रमायची?"

मी मातीनं माखलेल्या हातांनी पुढची काडी दाबली. तेवढ्यात अंबिका घाबरीघुबरी बाहेर आली. "काय झालं?"

"काय नाय गं. तुझे बाबा म्हनत व्हते, लग्नाची तारीख काढू."

मी असलं काहीही म्हणालो नव्हतो. माझ्या तोंडी कुणी शब्द घातले की एरवी मी भडकतो. त्या दिवशी नुसती मान डोलावली, आणि अंबिकेनं नव्या साडीसकट आमच्या दोघांच्या मधे मातीत बसकण मारली.