ओल्गाला दिसावा म्हणून घेतलेला ड्रेस

मी एक जुना पिवळा ड्रेस आहे. आज मला पाहून तुम्ही म्हणाल, याला पिवळा म्हणायचे तरी कसे? पण मित्रांनो, एके काळी मी इतका पिवळा होतो की दुकानात आलेल्या बायका मला पाहून डोळे किलकिले करत आणि दुसरीकडे वळत.

माझा जन्म कुठे झाला ते मानेपाशी शिवलेल्या पट्टीवर लिहिलेले होते. ती टोचते म्हणून माझ्या मालकिणीने, नेटीने, पहिल्याच दिवशी कात्रीने कापून टाकली. त्यामुळे माझे जन्मगाव आता मलाही आठवत नाही. आठवते ते यॉर्कटन नावाच्या गावातले दुकान. तिथे प्रवासाला निघणाऱ्या बायकांसाठी एक वेगळा कोपरा होता. आम्ही सगळे एकाच घराण्यातले. मऊ, सैल, इस्त्री न मागणारे. पण माझे भाऊ काळे, निळे नाही तर करडे. ते आठवडाभरात खपत. मी मात्र वर्षभर लटकत होतो. पिवळ्यावर लगेच डाग दिसतो, प्रवासात असला रंग कोण घालणार, असे म्हणून सगळ्या मला बाजूला सारत. खोटे कशाला बोलू, मला फार वाईट वाटे.

मग एका सप्टेंबरात नेटी आणि तिची शेजारीण मेव्हिस आल्या. नेटी म्हणजे शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षे राबलेली, अडुसष्ट वर्षांची बाई. जन्मात विमानात बसलेली नव्हती. मेव्हिस मात्र अर्धे जग फिरलेली. तिने एकेका ड्रेसची परीक्षाच घेतली. कापड मुठीत चुरगळायचे, वीसपर्यंत आकडे मोजायचे आणि सुरकुती पडते का ते पाहायचे. मग नेटीने तो घालून खुर्चीत बसायचे, वाकून बुटाची नाडी बांधायची, विमानात वर पिशवी ठेवतात तसे दोन्ही हात उंच करायचे. शेवटी गुंडाळी करून ती हातातल्या छोट्या पिशवीत मावते का ते बघायचे.

नेटीने करडा उचलला. "हा बरा आहे बाई. डाग पडला तरी दिसायचा नाही."

"डाग दिसायचा नाही आणि तूही दिसायची नाहीस!" मेव्हिस कडाडली. "अगं, आपण आलोय कशासाठी?"

नेटीने करडा परत टांगला. तिची मोठी बहीण ओल्गा दूर हॅलिफॅक्सला राहत होती. नऊ वर्षे दोघींची भेट नव्हती. ओल्गाच्या नजरेचा मधला भाग गेला होता. मान वाकडी करून पाहिले तर कडेने भडक रंग तेवढे कळत, आणि नाताळपर्यंत तेही जाईल, असे डॉक्टर म्हणाले होते. "एकदा तुला डोळ्यांनी बघू दे गं," असे ती फोनवर म्हणाली होती.

"या मोहरीच्या शेतात मी कशी दिसेन?" माझ्याकडे बघून नेटी पुटपुटली.

"दिसशील. तेवढंच हवंय," मेव्हिस म्हणाली.

मी मुठीच्या परीक्षेत पहिला आलो, हे नम्रपणे सांगतो.

पण नेटी पडली लाजरी. आमच्या गावात चारचौघांत उठून दिसणे बायकांना आवडत नाही. रेजायनाच्या विमानतळावर तिने माझ्यावर करडा कोट चढवला आणि गळ्यापर्यंत बटणे लावली. सगळा प्रवास मी अंधारात केला. माझा नुसता जळफळाट झाला.

हॅलिफॅक्सला ओल्गा पांढरी काठी धरून कठड्यापाशी उभी होती. नेटी तिच्यासमोर जाऊन थांबली. ती हाक मारणार तोच ओल्गाने तिच्याकडे तोंड केले आणि परक्या बाईला विचारावे तसे विचारले, "अहो, रेजायनाचं विमान आलं का हो? माझी बहीण यायचीय."

मित्रांनो, तेव्हा नेटीचे काळीज कसे धडधडले ते मी फार जवळून ऐकले आहे. तिने घाईघाईने बटणे ओढली, एक तर तुटून घरंगळत गेले. कोट खाली पडला. ओल्गाने मान वाकडी केली आणि तशीच धरून ठेवली.

"नेटी? अगं वेडे, तूच ना! किती पिवळी आहेस!"

दोघी तिथेच रडल्या. माझा खांदा भिजून चिंब झाला, पण मी लवकर वाळतो.

त्या आठवड्यात ओल्गा तिला सारखी खिडकीशी उभी करी. "हल गं जरा. हां, दिसलीस." माझे दिवस भाग्याचे होते.

नाताळनंतर ओल्गाची नजर पूर्ण गेली. नेटीने मला गुंडाळून खणात ठेवले आणि हॅलिफॅक्सला जाणेच सोडले. दोन वर्षे मी तिथे पडून होतो. एकदा मेव्हिसने खण उघडला आणि नेटीची चांगलीच खरडपट्टी काढली.

"आता तिला काही दिसत नाही, जाऊन काय दाखवू?" नेटी म्हणाली.

"बहीण आहेस की प्रदर्शनातली वस्तू? तिला काठी टेकत इथवर येता यायचं नाही. तुला तर जाता येतं ना?"

नेटी गेली. नंतर दरवर्षी गेली, दर वेळी मलाच घालून. धुऊन धुऊन माझा रंग उडाला, कोपराला ठिगळ लागले. कोट मात्र पुन्हा कधी माझ्यावर चढला नाही.

म्हणून मित्रांनो, एक विनंती. कपडे जपा, थंड पाण्यात धुवा, सावलीत वाळत घाला. पण खणात कोंडून जपू नका. ज्यांच्यासाठी ते घेतले, त्यांच्याकडे घालून जा. आता काय उपयोग, असे म्हणत घरी बसू नका.

परवाचीच गोष्ट. आम्ही विमानातून उतरून बाहेर आलो तेव्हा ओल्गा कठड्यापाशी भलत्याच दिशेला तोंड करून उभी होती. नेटीच्या पावलांचा आवाज ऐकला आणि ती हसून त्या रिकाम्या बाजूकडे हात हलवू लागली.

"लांबूनच दिसलीस गं!"

नेटीने माझ्या विटक्या बाहीने डोळे पुसले आणि वळसा घालून ती त्या बाजूला जाऊन उभी राहिली.

"दिसणारच," ती म्हणाली. "रंगच तसा आहे ना."