बंपरचा प्रायमर

मुलगा ट्रेंट घरी येणार त्याच्या आदल्या दिवशी लॉईडने तळघरातलं लोखंडी कपाट रिकामं केलं आणि घरात उग्र वासाचं जे जे म्हणून होतं ते त्यात भरलं. थिनर, लॅकर, गोंदाच्या बाटल्या, स्प्रेचे झाडून सगळे डबे. वरच्या फळीवर, अगदी मागे, त्याच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर उरलेल्या गोळ्यांची बाटली. त्याची बायको लोरेटा कधीची म्हणत होती, त्या गोळ्या फेकून दे. पण थंडी पडली की गुडघा त्याला रडवायचा, आणि लॉईड काही फेकून देणाऱ्यातला नव्हता. मालट्रकच्या दाराला लावतात तसलं जाडजूड कुलूप त्याने कपाटाला घातलं, किल्ली गळ्यातल्या साखळीत अडकवली आणि शर्टाच्या आत सोडून दिली.

व्यसनमुक्ती केंद्रातल्या बाईंनीच तसं बजावलं होतं. औषधं आणि वासाच्या वस्तू कुलपात ठेवा, आणि त्याच्या हातांना काहीतरी काम द्या. काम कुठलं, हा प्रश्न लॉईडला पडलाच नाही. उभा जन्म त्याने लायमा गावच्या कारखान्यात खऱ्या रणगाड्यांच्या पत्र्याला वेल्डिंग केलं होतं, आणि निवृत्त झाल्यावर तळघरात बसून तेच रणगाडे, किटमधले प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून, वीतभर लांबीचे बनवायला घेतले होते. लोरेटा म्हणायची, या माणसाचा पगार बंद झाला तरी हा आपला कामावर जातोच आहे.

ट्रेंट तिशीला टेकलेला. गोदामात ओझं उचलताना पाठ दुखावली, डॉक्टरने गोळ्या दिल्या, पाठ बरी झाली आणि गोळ्या राहिल्या. पुढे आईच्या पर्समधल्या नोटा गेल्या, आजीची अंगठी गेली, बापाच्या गोळ्यांची आधीची बाटली तर कधीच गेली. दोनदा लॉईडने त्याला न्हाणीघराच्या फरशीवर निळ्या ओठांनी पडलेला पाहिला होता. तिसऱ्यांदा पाहायची त्याची छाती नव्हती. पोरगं जगावं, एवढंच आता त्याचं देवाकडे मागणं होतं. सुधारावं, नोकरीला लागावं, हे मागायची हिंमतसुद्धा त्याने सोडून दिली होती.

पोरगं मात्र तळघरातल्या टेबलाशी रणगाडा जोडायला बसलं ते खरंच बसलं. लॉईड वर खुर्चीत पेपर धरून असायचा, पण त्याचे कान तळघरात. कानस घासल्याचा आवाज आला की जिवात जीव यायचा. आवाज थांबला की हा कॉफीचा मग घेऊन जिना उतरायचा. एकदा एका दुपारीच इतक्या खेपा झाल्या की ट्रेंट म्हणाला, “डॅड, आणखी एक कप प्यायलो ना, तर हा टँक आपोआप चालायला लागेल.” लॉईड हसला. किती दिवसांनी पोराने चेष्टा केली होती, म्हणून जिन्यात थांबून त्याने डोळेही पुसले.

रणगाडा झाला सुरेख. उरले चाकांभोवतीचे पट्टे.

आता या किटमध्ये बाकी सगळं कडक प्लॅस्टिकचं असतं, पट्टे तेवढे मऊ, रबरासारखे वाकणारे. रंगाचं आणि त्यांचं हाडवैर. नुसता पाण्यातला रंग लावला तर पट्टा सपाट आहे तोवर झकास दिसतो, आणि चाकावरून वळवला की पापुद्रे सुटतात. यावर लॉईडकडे एक उपाय होता, आणि असली मॉडेलं बनवणाऱ्यांच्या क्लबातल्या सगळ्यांना तो त्यानेच शिकवला होता. मोटारीच्या बंपरवर मारतात तो लवचीक प्रायमर, म्हणजे रंगाखालचं अस्तर. त्याचा एक हात आधी मारला की पट्ट्याला खुशाल गाठ मारा, रंग हलणार नाही. डबा होता कपाटात, दुसऱ्या फळीवर.

लॉईडने मनाशी बेत केला होता. रविवारी ट्रेंट आईबरोबर चर्चला गेला की गुपचूप दोन्ही पट्ट्यांवर फवारा मारून ठेवायचा. पण ट्रेंटला दम कुठला. शुक्रवारी संध्याकाळी लॉईड खाली उतरला तर दोन्ही पट्टे भांड्यांच्या साबणाने धुऊन, फळीवर टाचण्या मारून सपाट ताणलेले, आणि एकाला गंजाचा तपकिरी रंग लागलेलासुद्धा. म्हणायचं एवढंच होतं, थांब, आधी प्रायमर मारू. पण ते म्हटलं की कपाट उघडणं आलं. पोरासमोर गळ्यातली किल्ली बाहेर काढणं आलं. पोराला डबे दिसणार, मागची बाटली दिसणार. लॉईडने मूग गिळले. “छान जमतंय,” म्हणाला आणि वर निघून आला.

पुढचे कितीतरी दिवस ट्रेंट ते पट्टे रंगवत होता. पट्ट्याच्या प्रत्येक कडीच्या बाहेरच्या अंगाला रबराची एक गादी असते, ती काळी. कडेचं लोखंड घासून चमकणारं, त्याला चंदेरी रंगाचा जेमतेम स्पर्श. केसाएवढ्या ब्रशाने एकेक गादी, एकेक कडी. लॉईड मागून पाहायचा. सांगायला हवं होतं ते आता सांगून उपयोग नव्हता, आणि जितका उशीर होत होता तितकं ते आणखीच सांगवत नव्हतं. त्यात पोराने जाहीर केलं की हा टँक क्लबाच्या प्रदर्शनात ठेवायचा. घराबाहेर, माणसांत, आपण होऊन. लोरेटाला इतका आनंद झाला की तिने केक केला.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी दुपारी पट्टे चढवले. पट्ट्याची टोकं जोडायला तापल्या स्क्रूड्रायव्हरने त्यांच्यावरच्या खुंट्या वितळवाव्या लागतात. लॉईडने घरातले लायटरही उचलून ठेवले होते, म्हणून तो वर जाऊन शेगडीवर स्क्रूड्रायव्हर तापवून आणायचा, आणि गुडघा सांभाळत खाली पोचेपर्यंत तो निवायचा. दोन-तीन खेपा पाहिल्यावर ट्रेंटने आपल्या खिशातून सिगारेटचा लायटर काढला आणि काम उरकलं. बापाला मात्र कानकोंडं झालं.

दात्यांच्या चाकापाशी पट्टा वळला तिथे रंगाला चीर गेली. ट्रेंटने तिथे रंग भरला. शेजारी चीर गेली. त्याने तिथेही भरला. मग ब्रश खाली ठेवून आपले दोन्ही हात उजेडात धरून पाहत बसला. “अजून कापतात,” तो स्वतःशीच पुटपुटला.

लॉईडने ते ऐकलं. त्या क्षणी तरी बोलायला हवं होतं. तो म्हणाला, “सवयीने होईल.”

माजी सैनिकांच्या हॉलमध्ये शनिवारी पांढऱ्या चादरी घातलेली लांब टेबलं मांडली होती. कोपऱ्यात कॉफी, डोनट आणि रेडिओवर फुटबॉलची मॅच. ट्रेंटने नवा शर्ट घातला होता. त्याने खोक्यातून रणगाडा काढून चादरीवर ठेवला, आणि हॉलची गरमी म्हणा की गाडीतले हादरे म्हणा, पट्ट्यांवरचा रंग सुटायला लागला. ट्रेंटने बोटाने सावरायला जावं तर आणखी सुटावा. इतक्या दिवसांची मेहनत, तिचा भुगा पांढऱ्या चादरीवर पडला.

मर्ल हा क्लबातला सगळ्यात जुना माणूस, मनाचा अगदी साफ. तो चष्मा कपाळावर चढवून वाकला.

“काम नामी केलंयस पोरा,” तो म्हणाला. “पण बंपरचा प्रायमर नाही का मारलास खाली? अरे, तुझ्या बापानेच शिकवलंय आम्हाला. माझे पट्टे तर मी दर वर्षी त्याच्याकडूनच फवारून घेतो.”

ट्रेंटने मान वळवून बापाकडे पाहिलं. लॉईडचा हात छातीवर गेला होता, शर्टाच्या आत जिथे किल्ली असते तिथे. त्याला ते कळलंही नाही. पोराला कळलं.

“तो डबा कपाटात आहे?”

“हो.”

“मला वाटत होतं, माझ्या हातांचाच दोष आहे.”

एवढंच. आवाज चढला नाही की काही नाही. चढला असता तर लॉईडला सोसलं असतं. ट्रेंटने रणगाडा उचलला, पट्ट्यांचे जोड हिसडून तोडले, दोन्ही पट्टे जाकिटाच्या खिशात कोंबले, सिगारेट ओढून येतो म्हणाला आणि बाहेर पडला. चादरीवर रणगाडा उघड्या चाकांवर उभा राहिला.

मॅचचं मध्यंतर झालं तरी ट्रेंट आला नाही. लॉईड बाहेर आला. आवारात कोणी नव्हतं. फोन लावला, नुसताच वाजत राहिला. तो ट्रकमध्ये बसला आणि सुटला. पेट्रोल पंपाच्या मागची गल्ली. नदीवरचा पूल आणि त्याखालचा काळोख. रेल्वेच्या यार्डाजवळचं ते घर, जिथल्या खिडक्यांना पुठ्ठे लावलेले असतात. तिथे एका पोरीने दार किलकिलं करून सांगितलं, ट्रेंट म्हणून कोणी इथे येत नाही आता. लॉईडचा विश्वास बसला नाही. तो घराला वळसा घालून मागच्या खिडकीतून वाकून बघून आला. ट्रकच्या कप्प्यात लोरेटाने ठेवलेला नाकात मारायचा फवारा होता, श्वास थांबला तर माणसाला परत आणणारा. तो त्याने मुठीत धरला होता, आणि एका हाताने ट्रक चालवत तो चाळीस वर्षांत केली नव्हती एवढी प्रार्थना करत होता. माझंच चुकलं, शिक्षा मला दे, असं काहीबाही.

शेवटी त्याने लोरेटाला फोन केला. ती सुपरमार्केटच्या बेकरीत कामावर होती. त्याने धापा टाकत सगळं सांगितलं, कपाटाचंही.

“घरी पाहिलंस?” तिने विचारलं.

“घरी कशाला जाईल तो?”

पलीकडे तिच्या मागे कुणीतरी ब्रेड मागत होतं.

“त्याचं घर आहे ते, लॉईड,” ती म्हणाली.

लॉईड घरी पोचला तेव्हा तळघराचं दार उघडं होतं आणि जिन्याच्या तोंडाशीच वास आला. थिनर, स्प्रे, सगळं एकदम. गुडघ्याची पर्वा न करता तो खाली धावला. कपाटाचं दार जागेवर नव्हतंच. ते भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं आणि कुलूप त्याला तसंच लटकत होतं, बंदच्या बंद. ट्रेंट पाठमोरा, मान खाली, स्टुलावर, हलत नव्हता.

“ट्रेंट!” लॉईडने त्याचा खांदा धरून गदागदा हलवला.

ट्रेंट दचकून वळला. तोंडाला लॉईडचाच मास्क होता. खिडकीतला पंखा घरघरत होता म्हणून त्याला पावलं ऐकू आली नव्हती. एका हातात बंपरच्या प्रायमरचा डबा, समोर तारेला कपड्यांच्या चिमट्यांनी टांगलेला एक पट्टा, धुऊन, खरवडून कोरा केलेला आणि करड्या प्रायमरने ओला. दुसरा टेबलावर. ट्रेंटने मास्क खाली ओढला. त्याची नजर बापाच्या मुठीतल्या फवाऱ्यावर गेली आणि थोडा वेळ तिथेच राहिली.

“जोड तुटलेत, ते स्टेपल मारून घेऊ,” तो म्हणाला. “बाजूच्या पत्र्याखाली लपतील.”

लॉईडला धाप लागली होती. “कुलूप कसं तोडलंस?”

“नाही तोडलं. बिजागऱ्या बाहेरच्या अंगाला आहेत, डॅड. त्यांच्या दांडीला खिळा लावून हातोडीने दोन टोले दिले की दार हातात येतं.”

“कधी कळलं तुला?”

“आलो त्याच दिवशी.”

लॉईडने कपाटाकडे पाहिलं. पत्र्याला पत्रा जोडण्यात आयुष्य गेलं होतं त्याचं, आणि या बिजागऱ्या त्याला दिसल्या नव्हत्या. म्हणजे इतके दिवस कपाट उघडंच होतं. खाली एकटं बसलेलं पोरगं, हाताशी हातोडी, आणि कपाट उघडं. कुलपाने कुणालाच अडवलं नव्हतं. अडलं होतं ते पोरगं, स्वतःहून, रोज. लॉईडला इतकी लाज वाटली की बसावंसं वाटलं.

ट्रेंटने टेबलाच्या कडेची गोळ्यांची बाटली त्याच्यापुढे सरकवली.

“मोज.”

“नको. गरज नाही.”

“मोज, डॅड. नाहीतर मी झोपल्यावर मोजशील.”

खरं होतं ते. लॉईडने बाटली घेतली. न मोजता ती खाली ठेवली तर आपण चांगले बाप ठरू, हे त्याला कळत होतं. पण न्हाणीघराची फरशीही त्याला दिसत होती. त्याने झाकण उघडलं, गोळ्या तळहातावर ओतल्या आणि मोजल्या. सगळ्या होत्या. त्याने पुन्हा मोजल्या. वाकलेल्या मानेखालून किल्ली शर्टाबाहेर येऊन लोंबत होती. ट्रेंट उभा होता, प्रायमर वाळायला ठेवून वाट पाहावी तसा.

“झालं?”

“झालं.”

“मग या पट्ट्याचं टोक धर. ताणू नकोस.”

लॉईडने टोक धरलं. ट्रेंटने डबा हलवला, मास्क चढवला, आणि पुन्हा खाली केला.

“हात कापतोय तुझा,” तो म्हणाला, आणि पायाने दुसरं स्टूल त्याच्याकडे सरकवलं.