लाल आकडा

"आत्ता चालतंय. उद्या सकाळी बघा, पुन्हा बंद पडलेलं असेल," दादा म्हणाले. "तुमच्याआधी दोघं येऊन गेले. जाताना दोघंही म्हणाले, झालं काम."

बटणांच्या दुकानाच्या पोटमाळ्यावर आम्ही बसलो होतो. दुकान दादांच्या वडिलांनी काढलेले, आता दादाच बघतात. खाली भिंतभर लाकडी खण, आणि प्रत्येक खणाच्या तोंडावर आत जे असेल त्यातले एक बटण तारेने बसवलेले. बटणे, चेन, लेस, बकले. हे सगळे काही वर्षांपासून ऑनलाइनही विकले जाते, आणि आता निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक तिथूनच येते. बिघाड तिथेच होता. गिऱ्हाईक बटणे निवडायचे, पत्ता लिहायचे, 'पैसे भरा'वर दाबायचे, आणि पडद्यावर एक चक्र नुसते फिरत राहायचे. मग कंटाळून ते दुसरे दुकान शोधायचे.

अशा साइटी दुरुस्त करणे हे माझे काम. शिकले रसायनशास्त्र, पोट यावर भरते. प्रयोगशाळेतून एक सवय मात्र बरोबर आली: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि मग हात मागे घेऊन बघायचे. साइटला प्लगइन नावाचे छोटे तुकडे जोडलेले असतात. एक पैसे घेतो, एक टपालखर्च मोजतो, एक शिल्लक माल दाखवतो. कुणाचे कुणाशी बिनसले आहे हे कळायला आधी सगळे बंद करायचे आणि मग एकेक चालू करत जायचे. यात साधाभोळा कुणी नसतो. सगळ्यांवर सारखाच संशय घ्यावा लागतो.

साइटची नक्कल काढून मी तेच केले. पैसे घेणाऱ्या तुकड्याची नवी आवृत्ती टपालखर्चाच्या जुन्या तुकड्याशी जमवून घेत नव्हती. टपालखर्चवाला ज्याने लिहिला त्याने तो केव्हाच वाऱ्यावर सोडला होता. तात्पुरता उपाय सोपा होता: नवी आवृत्ती काढून जुनी बसवायची.

"आधीच्या दोघांनीही हेच केलं होतं," मी म्हणाले. "बरोबर केलं होतं. त्यांच्यामागून कुणीतरी पुन्हा नवी बसवतंय."

"आपोआप होत नसेल?"

"आपोआपचं बंद आहे. कुणीतरी आत येऊन बटण दाबतं."

दादा उठले, जिन्याकडे गेले, खाली डोकावले आणि दार लोटून घेतले.

"कुणीतरी नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "ताई."

ताई म्हणजे त्यांची धाकटी बहीण. घरात सगळेच तिला ताई म्हणतात. सकाळी दुकान तीच उघडते आणि ऑनलाइनची पार्सले तीच भरते.

"तिला स्वतःचं दुकान काढायचंय. माझं गिऱ्हाईक तुटलं की तिचं आयतं झालं."

"त्या तसं बोलल्या?"

"बोलेल कशाला? गप्प असते हल्ली. त्यावरूनच कळतं."

सगळ्यांचे पासवर्ड बदलून टाकते, प्रश्नच मिटेल, असे मी सुचवले.

"मिटायला नकोय मला. सापडायला हवंय," दादा म्हणाले. "आणि एक. बाबांच्या कानावर यातलं काही जाता कामा नये. आई गेल्यापासून ते आधीच कोलमडलेत."

मी जुनी आवृत्ती बसवली, आणि कोण आत येऊन काय बदलते ते टिपून ठेवणारा एक तुकडा साइटला जोडला. खाली उतरले तर ताई पार्सलावर चिकटपट्टी लावत होती.

"झाली झाडाझडती?" तिने वर न बघता विचारले.

"साइटची."

"साइटची होती तर दार कशाला लोटलं होतं?"

तिने पट्टीचा कोपरा नखाने घट्ट बसवला.

"मला घालवायचं असेल तर तोंडावर सांग म्हणावं. त्यासाठी स्वतःची साइट कशाला बिघडवतोय?"

घरी जाताना मला तेही शक्य वाटू लागले. चोर पकडायला बोलावणाराच कधी कधी... हे दादांच्या बाबतीत बरोबर बसत नव्हते, पण चूकही ठरत नव्हते. ताईचेही तसेच.

सकाळी चक्र पुन्हा फिरत होते. टिपण उघडले. कुणीतरी दुकानातल्याच संगणकावरून, दुकान उघडायच्या आधी आत आले होते, नवी आवृत्ती बसवून निघून गेले होते. खात्याचे नाव होते 'मालकीणबाई'.

मी दादांना फोन करून ते नाव सांगितले.

"ते आईचं खातं आहे," ते म्हणाले. "साइट तिनेच सुरू केलेली. हॉस्पिटलात शेवटपर्यंत तिच्यापाशी ताई होती. पासवर्ड दुसऱ्या कुणाला दिला असणार तिने?"

संध्याकाळी मी पुन्हा जुनी आवृत्ती बसवायला गेले तेव्हा त्यांनी माझ्यासमोरच ताईकडून दुकानाची चावी मागितली.

"उद्यापासून मी उघडेन," गिऱ्हाइकाला भाव सांगावा तसे ते म्हणाले.

ताईने जुडगे काढले. कडी घट्ट होती. चावी काढताना तिचे नख दुमडले. चावी तिने काउंटरवर ठेवली आणि पार्सलांकडे परत गेली. गल्ल्यामागच्या स्टुलावर बाबा मिसळलेली बटणे आकाराप्रमाणे वेगळी करत होते. त्यांनी मान वर केली.

"काय झालं रे?"

"काही नाही, बाबा," भाऊ आणि बहीण एकदमच म्हणाले.

जिन्यात दादा मला म्हणाले, "उद्या साइट चालू राहिली की झालं सिद्ध."

एका वेळी एकच बदल. त्यांनी माझीच पद्धत वापरली होती, आणि तरी ती मला आवडली नाही. सकाळी मी त्यांच्याआधी जाऊन पोचले. शटर बंदच होते. पण मागच्या बोळातले दार अर्धे उघडे होते आणि आत दिवा होता. बाबा दुकानामागच्याच खोलीत राहतात हे मला माहीत होते. माहीत असून मी ते हिशेबात धरले नव्हते. सगळ्यांवर सारखाच संशय घ्यावा लागतो, असे मीच म्हणत असते.

"या, साइटच्या बाई ना तुम्ही? दादा यायचाय अजून," बाबा म्हणाले. ते काउंटरवरच्या संगणकासमोर बसले होते, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून. एका बोटाने अक्षरे शोधून ते पासवर्ड टाइप करत होते.

"हिच्या लक्षात राहायचा नाही. मला पाठ करायला लावलेला."

पान उघडले. वर उजव्या कोपऱ्यात, साइट आत येणाऱ्या प्रत्येकाला म्हणते तसे, बारीक अक्षरांत आले: नमस्कार, मालकीणबाई.

बाबा ते वाचत राहिले. एवढ्याशा दोन शब्दांना लागतो त्यापेक्षा खूप जास्त वेळ.

"चिडवायला म्हणायचो मी तिला तसं," ते म्हणाले. "साइट काढली तेव्हा नाव विचारलं, तर हिने तेच लिहून टाकलं. म्हणाली, आता दुनियेसमोर म्हणा."

मग त्यांची नजर डावीकडे गेली. तिथे एक लाल ठिपका होता, त्यात एक आकडा. जुनी आवृत्ती बसवली की तो येतोच: नवी उपलब्ध आहे, असे सांगायला. त्यांनी बाण तिकडे नेला.

"काका, थांबा."

"का हो? लाल आकडा दिसला की दाबायचं, ठेवायचं नाही, असं ती सांगायची. हल्ली रोजच यायला लागलाय मेला."

मी त्यांना सांगितले. शक्य तितके साधे सांगितले. ऐकून झाल्यावर त्यांनी माउस सोडला आणि दोन्ही हात मांडीवर घेतले.

"म्हणजे मी दाबायचो, तुम्ही काढायचात, आणि मी परत दाबायचो."

"हो."

"आणि दादाने कुणावर घेतला संशय?" मी उत्तर द्यायच्या आत त्यांनीच मान हलवली. "काल चावी घेतली ती त्यासाठी."

दादांनी शटर उघडले तेव्हा ताई बाहेर उभी होती, गिऱ्हाइकासारखी. दोघे आत आले. दादांची नजर आधी पडद्याकडे, मग माझ्याकडे, मग बाबांकडे गेली.

"मी दाबत होतो," बाबा म्हणाले.

"तुम्ही? कशाला पण, बाबा?"

"सवय." त्यांनी हात पुढे केला. "चावी दे."

दादांनी खिशातून चावी काढली. बाबांनी ती ताईला दिली नाही. तिच्याकडून जुडगे मागून घेतले, कडी दाताने उघडली आणि स्वतः चावी ओवली. ताई भावाकडे बघत नव्हती. दादा एका खणावरचे बटण अंगठ्याने फिरवत होते.

"फोडाल दात," एवढेच ताई म्हणाली. बाबांना.

नंतर पोटमाळ्यावर दादा मला म्हणाले, "आईचं ते खातं काढून टाका."

"काढता येईल. किंवा त्याचे अधिकार काढून घेता येतील. मग त्यातून काही बिघडवता येणार नाही."

"फरक काय पडतो?"

"तुम्हाला काहीच नाही."

"मग ठेवा," ते म्हणाले.

टपालखर्चाचा नवा तुकडा बसवून मी बिघाड मुळापासून काढला. पुढे एकदा दुसऱ्या कामासाठी सकाळी जाणे झाले. शटर ताईनेच उघडले. ती अजून दादांशी कामापुरतेच बोलत होती. बाबा संगणकासमोर होते. पडदा जवळजवळ कोरा होता: दाबायला काही नाही, बदलायला काही नाही. कोपऱ्यात तेवढे दोन शब्द.

"लाल आकडा येत नाही हो आता," ते म्हणाले.

"नाही येणार."

"बरं झालं. तिलाही तेवढा आराम."

थोड्या वेळाने त्यांनी बाण सावकाश 'बाहेर पडा'वर नेऊन दाबला. पडदा विझेपर्यंत थांबले, खुर्ची आत सरकवली आणि बटणांचा डबा ओढून घेतला.