खुंटीखालचा डाग

डाग चार बोटे रुंद आणि वीतभर लांब होता. वर सरळ, खाली जाता जाता डावीकडे वळलेला आणि टोकाशी अचानक संपलेला. कस्तुराबाईने शेणमातीचा गोळा त्यावर थापला, तळहाताने पसरला आणि ओला हात पुन्हा एकदा त्यावरून फिरवला. आता काही दिसेना. भिंत ओली असताना कधीच काही दिसत नसे. दुपारपर्यंत आजूबाजूची माती वाळून फिकी पडायची आणि तेवढाच भाग काळसर राहायचा.

दिवाळीपासून तिने ही भिंत पाच वेळा सारवली होती. पहिल्या खेपेला तिला वाटले, थर पातळ पडला. दुसऱ्या खेपेला तिने मातीत राख जास्त घातली. आता कारण तिला ठाऊक होते. खुंटीला कोयता असायचा आणि त्याला आठवड्याला खुरासणीचे तेल लागायचे. ते तेल भिंतीत मुरले होते. वर दिलेली नवी माती ते पुन्हा ओढून घेत होती.

"आक्का."

अंगणाच्या कडेला झुंबरबाई उभी होती. ज्येष्ठात याच अंगणात झुंबरबाईच्या नवऱ्याने, नथूने, कस्तुराबाईच्या नवऱ्याला, महिपतीला, ठार मारले होते. नथूला फाशीची शिक्षा झाली होती आणि तो येरवड्याला होता. नऊ महिन्यांत दोघी दोनदा पाणवठ्यावर समोरासमोर आल्या होत्या. दोन्ही वेळा एकीने रिकामी घागर घेऊन माघारी वाट धरली होती.

झुंबरबाईने पदराखालून एक कोयता काढला आणि पायरीवर ठेवला.

"तुमचा हाय. आमच्याकडंच ऱ्हायलाता. राबाची तोड निघाली, म्हनलं लागंल."

मुठीला पितळेचे कडे होते. ते महिपतीने लोणावळ्याच्या लोहाराकडून बसवून घेतले होते. कस्तुराबाईने हाताची माती तशीच वाळू दिली.

"आज वकील यायचेत तुमच्याकडं," झुंबरबाई म्हणाली. "मी त्येच्यासाटी आले न्हाई."

"मग कशाला आलीस? कुंकू मागायला?"

"ते काय तुमच्या हातात हाय व्हय?"

कस्तुराबाईने पाण्याची बादली उगीच थोडी सरकवली.

"फाशी झाली तर एकदाच रडायचं," झुंबरबाई म्हणाली. "काळं पानी झालं तर रोज कुंकू लावायचं आन रोज वाट बघायची. दोनीतलं बरं कंचं, मला बी कळंना झालंय." ती जायला वळली आणि थांबली. "तोडीला एकट्याच जानार?"

"दुसरं हाय कोन?"

"मोठ्या ऐनावर चढू नगा. वरली फांदी वाळलीया."

ती गेली. तिने आणलेली वस्तू पुण्याच्या कोर्टात कुणी मांडली असती, तर तिच्या नवऱ्याचा जीव वाचला असता, हे तिला ठाऊक नव्हते. ते कस्तुराबाईलाही अजून पुरते ठाऊक नव्हते. तिने कोयता उचलून खुंटीला लावला. याचे पाते रुंद होते आणि टोक शाबूत होते. खालच्या ओल्या मातीत लपलेल्या आकाराशी ते जुळत नव्हते.

दोन्ही घरांत एकेकच बैल होता. एका बैलावर औत चालत नाही, म्हणून महिपती आणि नथूची अकरा वर्षे सावड होती. नथूचा पांढरा आणि महिपतीचा मोऱ्या एका जुवाला जुंपायचे. एक दिवस यांच्या शेतात, एक दिवस त्यांच्या. जू, दोर, कुदळी, कोयते ज्या घरी दिवस मावळेल त्या घरी राहत. दोन वर्षांमागे राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपाची जागा भाजायला, फांद्या तोडताना कोयत्यांची अशीच अदलाबदल झाली. नथूचा, मुठीवर तीन खाचा असलेला, टोक मोडलेला कोयता यांच्या भिंतीला लागला. यांचा तिकडे गेला. परत मागायचे कुणाला सुचले नाही. मागणेच वाईट दिसले असते.

ज्येष्ठातल्या त्या सकाळी नथू नांगरटीसाठी आला तेव्हा त्याच्या हातात फक्त पांढऱ्याचा कासरा होता.

"मोऱ्या कुटंय रं?" त्याने विचारले.

चार दिवसांपूर्वी महिपतीने कस्तुराबाईला सांगितले होते, मोऱ्याच्या खुराला लागलेय, थोरल्या भावाकडे, दत्तोबाकडे, ठेवलाय. नथूला त्याने वेगळेच सांगितले. मोऱ्या लोणावळ्याच्या एका गाडीवानाला विकला होता. तो स्वतः तिथे रेल्वेत कोळसा ओढायच्या कामाला लागणार होता. जमीन दत्तोबा पाहील. सगळे ठरले होते.

कस्तुराबाई दारात होती. तिनेही ते तेव्हाच ऐकले.

"पाऊस चार दिसांवर आलाय," नथू म्हणाला. "आता मला कोन बैल देनार? आदी सांगितलं असतंस तर मी हातपाय हालवलं असतं." मग तो म्हणाला, "अकरा वर्सं, महिप्या." आणि त्याने महिपतीचे मुंडासे ओढून मातीत टाकले.

महिपती घरात आला. खुंटीवरचा कोयता काढून तो पुन्हा दाराशी आला. ती उंबऱ्यात उभी होती. ती तशीच उभी राहिली असती तर त्याला तिला ढकलावे लागले असते. ती बाजूला झाली.

पुढचे दहा श्वासांत झाले. झटापटीत कोयता नथूच्या हातात गेला. पहिला घाव कुणाच्या जोराने बसला हे तिला सांगता आले नसते. दुसरा नथूने मारला, महिपती खाली बसलेला असताना. ते तिने पाहिले. नथूचा पांढरा बैल कासरा ओढत एकटाच घरी गेला, त्यामुळे नथू नांगरटीला आला होता हे दाखवणारा बैल पंचनाम्यात आलाच नाही.

भिंत अर्धी वाळली होती तेव्हा ओटीवर पावले वाजली. आता नथूची बाजू पाहणारे वडगावचे दिगंबर वकील छत्री मिटून घोंगडीवर बसले. महिपतीचा थोरला भाऊ दत्तोबा त्यांच्या पाठोपाठ आला आणि खांबाला टेकून उभा राहिला. कस्तुराबाईने पाण्याचा तांब्या उंबऱ्याबाहेर ठेवला आणि ती दाराआड बसली.

"हायकोर्टानं शिक्षा कायम केली," वकील म्हणाले. "आता गव्हर्नरकडे दयेचा अर्ज, एवढंच उरलंय. फाशीच्या ऐवजी जन्मठेप द्यावी म्हणून. मयताच्या बायकोचा अंगठा असला तर अर्जाला वजन येतं."

"काळ्या पान्यावर म्हने जमीन देत्यात," दत्तोबा म्हणाला. "बायकू बी नेऊ देत्यात. आमचा भाव मारला म्हनून त्येला सरकारनं वतन द्यावं, असा अर्ज हाय का?"

"वतन कुठलं? तो सुटणार नाही, दत्तोबा. आयुष्यभर तुरुंगात राहील."

"राहील, पर जगंल न्हवं?"

"हो. जगेल."

"मग?"

वकील पाणी प्यायले. "फाशी दिल्यावर उद्या काही वेगळं निघालं, तर सरकारला ती मागे घेता येत नाही. जन्मठेप घेता येते. माझं म्हणणं एवढंच आहे."

"आमचा महिपती बी मागं घेता येत न्हाई. तुमच्या घरात कुनाला मारलंय का कवा, वकीलसायेब?"

"नाही."

"मग तुमी हे पुण्याला सभेत बोला. तितं टाळ्या पडत्याल."

वकील थोडे हसले. "तिथंही पडत नाहीत. म्हणून इथं आलो." मग त्यांनी पिशवीतून कागदांची चळत काढली आणि चष्मा लावला. "बाईंना एक ऐकवायचं आहे. जज्जांपुढे दोन्ही शिक्षा होत्या. फाशी का दिली, याचं त्यांनी एकच कारण लिहिलंय. मी मराठीत सांगतो. 'भांडणाच्या भरात हाती लागेल ते उचलून घाव घातला असता, तर जन्मठेप पुरेशी होती. परंतु आरोपी स्वतःचा कोयता घरून घेऊन आला. कोयता आमच्या घरात नव्हता, असे मयताच्या पत्नीने शपथेवर सांगितले आहे. यावरून खुनाचा बेत आधीच ठरला होता असे दिसते.'" त्यांनी कागद खाली ठेवला. "नथू आजही म्हणतो, कोयता तिथलाच होता. पण कोयत्यावर त्याच्याच खाचा आहेत. त्याच्यावर विश्वास कोण ठेवणार?"

दाराआड कस्तुराबाईच्या बांगडीविना हाताने उंबऱ्याची कड धरली.

कोर्टाच्या आदल्या दिवशी याच ओटीवर दत्तोबाने तिला पढवले होते. कोयता कुनाचा म्हनलं तर नथूचा म्हनायचं. तुमच्या घरात हुता का म्हनलं तर न्हाई म्हनायचं. ती म्हणाली होती, पर हुता की, भावजी. दत्तोबा म्हणाला होता, त्यानं काय फरक पडतोय, कोयता त्येचाच हाय न्हवं? आणि दुसऱ्या दिवशी सरकारने दिलेल्या नथूच्या तेव्हाच्या वकिलाने तेवढा एक प्रश्न विचारला होता. ती 'न्हाई' म्हणाली होती. पिंजऱ्यातून नथूने तिच्याकडे पाहिले होते. अंगणात मोऱ्या विकल्याचे ऐकल्यावर त्याने महिपतीकडे पाहिले होते, तसेच.

"बाई," वकील म्हणाले, "अंगठा देणार का?" त्यांनी शाईची डबी उघडली.

ती उठून दारात आली. पदर डोक्यावरून पुढे ओढलेला होता.

"कागदात काय लिवलंय?"

वकिलांनी वाचले. "मयताची विधवा कस्तुराबाई हिने आरोपीस मनापासून क्षमा केली असून..."

"मी क्षमा केल्याली न्हाई."

वकिलांनी कागद खाली घेतला.

"दुसरा घाव मी बघितलाय," ती म्हणाली. "माझ्या हातचं जेवत हुता तो, अकरा वर्सं. मी क्षमा केली न्हाई आन करनार बी न्हाई. अंगठा देत न्हाई."

दत्तोबाने खांबावरची पाठ काढली. "ऐकलंत न्हवं? मिटलं. चला, तुमास्नी वाटंला लावून येतो."

वकिलांनी डबी मिटली. कागद पिशवीत घातले. त्यांनी छत्री घेतली तेव्हा कस्तुराबाई आत गेली आणि खुंटीवरचा कोयता घेऊन आली. तिने तो त्यांच्यासमोर घोंगडीवर ठेवला.

"ह्यो आमचा कोयता. सकाळी झुंबरीनं आणून दिला. दोन वर्सं त्यांच्या घरात हुता."

वकिलांनी पितळेच्या कड्यावरून बोट फिरवले. ते बोट मध्येच थांबले.

"तुमचा कोयता त्यांच्याकडे," ते हळू म्हणाले. "मग दोन वर्षं त्यांचा..."

"कस्तुरा, आत जा," दत्तोबा म्हणाला.

"थांबा, बाई." वकिलांनी हात वर केला. "पुढचं काही बोलण्याआधी माझं ऐका. मी नथूचा वकील आहे. तुम्ही बोलावं हे माझ्या सोयीचं आहे. तरीही सांगतो. तुम्ही कोर्टात शपथेवर 'नाही' म्हणालात. आज त्याच्या उलट लिहून दिलंत तर ती तेव्हाची साक्ष खोटी ठरते, आणि तीही फाशीच्या खटल्यात. तुम्हांला तुरुंगात जावं लागेल. किती वर्षं, ते मी सांगू शकत नाही."

ती दत्तोबाकडे वळली. सासरच्या थोरल्या माणसाकडे इतके सरळ तिने आजवर पाहिले नव्हते.

"भावजी, तुमी म्हनला हुता, त्यानं फरक पडत न्हाई."

दत्तोबाने कनवटीची तंबाखूची चंची काढली, उघडली आणि तशीच पुन्हा बांधली.

"तुमाला ठाऊक हुतं."

"माजा भाव गेलाय," दत्तोबा म्हणाला. मग, जरा खालच्या आवाजात, तो म्हणाला, "लोकांनी म्हनलं असतं, पैला महिपतीनंच कोयता काडला."

"आन बैल इकायचं? तेबी तुमाला ठाऊक हुतं. मला तेवडं ठाऊक नव्हतं."

दत्तोबा अंगणात उतरला. गेला मात्र नाही. जिथे महिपती पडला होता तिथून दोन हात अंतरावर पाठ करून उभा राहिला. लांब कुणाच्या तरी खाचरात राब पेटवला होता. त्याचा धूर सरळ वर चालला होता.

कस्तुराबाईने मागे वळून पाहिले. भिंत पुरती वाळली होती. खुंटीखाली तो आकार पुन्हा आला होता, वर सरळ, खाली डावीकडे वळलेला, टोकाशी तुटलेला.

"आत या, वकीलसायेब," ती म्हणाली. "हितं बगा."

वकील वहाणा काढून आत आले. त्यांनी आधी भिंतीकडे पाहिले, मग खांद्यावरची पिशवी उतरवली आणि गुडघ्यावर बसून एक कोरा कागद काढला. दौतीचे झाकण उघडून त्यांनी टाक बुडवला. कस्तुराबाई भिंतीला हात लावून उभी राहिली.

"नथूचा कोयता आमच्या भिंतीवर हुता," ती म्हणाली. "मालकांनी काडला. मी दारातनं बाजूला झाले. कोर्टात मी खोटं बोलले. लिवून घ्या."