चादरीचं दुसरं टोक

"ताण," आई म्हणाली, आणि ठिणगीने चादरीची दोन टोकं मुठीत धरून मागे रेलत ताण दिला. लॉजवरून धुवायला येणाऱ्या चादरींच्या घड्या दोघींनीच घालायच्या असतात. एकदा झटकायची, मग समोरासमोर चालत यायचं आणि एकीने आपली टोकं दुसरीच्या हातात द्यायची. ठिणगी शिबिराला गेली होती तेवढे दिवस आईने टोकं दाराच्या कडीला बांधून कसंबसं भागवलं होतं. कडी ताण देते, पण चालत येत नाही.

चर्चच्या युवक शिबिराहून पोरगी दुपारीच परतली होती. तिला पाठवलं आईनेच, पाळकबाईंच्या मागे लागून. नाकावर राग घेऊन जन्मलेली पोर, चार दिवस देवाच्या माणसांत राहून जरा निवेल, एवढीच आशा. आता ती निवली होती आणि आईला तेच खुपत होतं. आल्यापासून तिचा आवाज चढला नव्हता. नळावरच्या भांडखोर शेजारणीला तिने आपणहून आधी बादली भरू दिली. आपली पोर ठेवून घेऊन भलतीच परत पाठवली की काय, असं आईच्या मनात येऊन गेलं.

समोरासमोर आल्यावर ठिणगी टोकं द्यायला विसरली.

"आई, मी बाबांना क्षमा केली. सगळ्यांसमोर उभी राहून. यापुढे त्यांना मारणार नाही, असं प्रभूला वचन दिलंय."

"छान. मार मी खाल्ला आणि क्षमा तू केलीस."

"मीपण खाल्लाय."

"मग तुझ्या वाटणीची कर. माझ्या वाटणीची कुणी दिली तुला?"

आईने तिच्या हातातून टोकं ओढून घेतली.

त्या घरात एक युक्ती चालत आली होती. ठिणगीचा बाप स्वतःच्या टेम्पोतून लॉजची गाठोडी आणायचा आणि पोचवायचा. पिऊन आला की त्याचा हात सुटायचा. आईचा दात पडला, तेव्हा दोघी गप्प बसल्या. ठिणगीचं मनगट मोडलं, तेव्हा मात्र त्यांनी डोकं चालवलं. तो हात उगारून आला की पिंपातली ओली चादर उचलायची, दोन बाजूंनी त्याच्या डोक्यावरून टाकायची, त्याच्याभोवती फिरून गुंडाळायची आणि त्याला पाडून वर बसायचं. ओल्या चादरीतून धट्टाकट्टा गडीसुद्धा सुटत नाही. मग ठिणगी कपडे बडवायचं धोपाटणं घ्यायची. गाठोड्याला तोंड नसतं, त्यामुळे हात थांबत नाही. सकाळी तो कण्हत उठायचा, त्याला धड काही आठवायचं नाही, आणि दोघी चहा गाळता गाळता एकमेकींकडे बघून हसायच्या.

आईला ते हसणं आवडायचं. खरं सांगायचं तर धोपाटण्याचा आवाजही आवडायचा.

"आज पिऊन आला तर?" तिने विचारलं.

"मी त्यांच्याशी बोलेन."

"बोलशील? त्याच्याशी?" चादरीला दोन माणसं लागतात, हे या पोरीला कुणी सांगायचं!

दिवेलागणीला टेम्पो फाटकाला घासत थांबला. तो पिऊन आलाय, हे त्या आवाजावरूनच आईने ओळखलं. ती पिंपापाशी जाऊन उभी राहिली.

"कुठंय ती?" बाप दारातूनच गरजला. "स्टँडवर लोक माझं अभिनंदन करतायत! म्हणे, तुमच्या पोरीने तुम्हाला क्षमा केली! चार गावची पोरं जमवून बापाची अब्रू काढतेस?"

ठिणगी पुढे झाली. तिचे दोन्ही हात मोकळे होते.

"बाबा, मी तुम्हाला मनापासून..."

पुढचे शब्द ठोशाखाली गेले. तिचा ओठ फाटला. त्याने केसांना धरून तिचं डोकं इस्त्रीच्या टेबलावर आपटलं, पुन्हा आपटलं, आणि ती खाली कोसळली. आईने एकटीनेच चादर फेकली. ती एका बाजूने घसरली. त्यातून हात बाहेर काढून त्याने आईचा गळा धरला आणि तिला भिंतीला दाबलं. आईच्या टाचा जमिनीवरून सुटल्या.

"ठिणगे," तिच्या तोंडून कसाबसा आवाज फुटला, "टोक!"

ठिणगी गुडघ्यांवर उठली होती. हनुवटीवरून रक्त गळत होतं आणि ओठ हलत होते. पोरगी प्रार्थना करत होती. आता संपलं सगळं, असं आईला वाटलं, आणि त्याच क्षणी चादरीचं लोंबतं टोक ताणलं गेलं. ठिणगी बापाभोवती फिरली, त्याचा हात आईच्या गळ्यावरून सुटला, आई दुसरं टोक धरून उलट्या बाजूने फिरली, तो लाथा झाडत आडवा झाला आणि दोघी त्याच्यावर बसल्या.

"आणि क्षमा?" आईने धापा टाकत विचारलं.

"केलीय. तू पाय धर."

आईने पाय धरले नाहीत. एका हातात चादरीची गुंडाळी धरून तिने दुसऱ्या हाताने धोपाटणं ओढून घेतलं आणि ठिणगीपुढे केलं. ठिणगीने नकारार्थी मान हलवली.

"मी वचन दिलंय, आई."

"मी नाही दिलं."

धोपाटणं आजवर आईने फक्त कपड्यांवर चालवलं होतं. पहिला फटका बसला तसं गाठोडं विव्हळलं, आणि आईच्या अंगात काहीतरी संचारलं. ती दातासाठी मारत होती, मनगटासाठी मारत होती, कडीला बांधलेल्या चादरींसाठीसुद्धा मारत होती. ठिणगी ओरडत होती, पण आईला ऐकू येत नव्हतं. तिला फार बरं वाटत होतं. पुढचा फटका तिने सगळं बळ एकवटून हाणला.

त्याचा आवाज वेगळा आला. ठिणगीने स्वतःला गाठोड्यावर पालथं झोकून दिलं होतं आणि धोपाटणं तिच्या पाठीवर बसलं होतं. तिने नुसता श्वास आत ओढला आणि चादर आणखी घट्ट धरली.

गाठोडं गप्प झालं. मग ओल्या कापडाआडून बापाचा दबका आवाज आला.

"कुणाला लागलं?"

ठिणगीने आपलं टोक सोडलं नव्हतं. आईच्या हातातलं कधी सुटलं, ते आईचं आईलाच कळलं नव्हतं.