ओली विजार

"अजून ओलीच आहे, साहेब," केझायाने दाराबाहेरूनच सांगितले.

आत केंटकीचा प्रुइट घोंगडी गुंडाळून बसला होता. मालकाकडून पळालेली गुलाम टेम्पी आणि तिचे तान्हे बाळ धरून न्यायला तो डेट्रॉइटला आला होता आणि आगबोटीच्या धक्क्यावर ठाण मांडून होता. काल तिथल्याच चिखलात आडवा झाला आणि असलीनसली एकुलती विजार हॉटेलच्या धुण्यात टाकून बसला. त्याच्या ढेरीला पुरेल अशी दुसरी साऱ्या हॉटेलात नव्हती. हे धुणे धुणाऱ्या केझायाच्याच माळ्यावर टेम्पी आहे, हे त्याला कुठून ठाऊक असणार?

त्याने आकांडतांडव केले, तशी ती मान खाली घालून म्हणाली, "आणून देते की. पण ओल्यानं कंबर धरली तर मला बोल लावू नका."

प्रुइटने घोंगडी पुन्हा कमरेशी आवळली. विजार सकाळीच वाळली होती. केझायानेच ती पुन्हा बादलीत बुडवली होती.

भरदुपारी केझाया आणि बाळाला कडेवर घेतलेली टेम्पी धक्क्यावर आल्या. नदीपलीकडे कॅनडा, तिथे टेम्पीला हात लावायची कुणाची टाप नव्हती. मान वर ठेवायची, असे केझायाने वाटभर बजावले होते. पण मागून एक गोरी बाई आली आणि टेम्पी गुलामीतल्या जन्माच्या सवयीने बोटीच्या फळीवरून खाली उतरली, नजर पायांशी. तिकीटवाला रोखून पाहू लागला.

"वाट अडवून काय उभी राहिलीस? चढ की, अगं!" केझाया सुनेवर खेकसावे तशी खेकसली.

"सासूबाई तिखट आहेत हं," तिकीटवाला हसला आणि बाजूला सरला.

टेम्पी चढली. बोट पार पल्याडला टेकली, तेव्हा कुठे केझायाचा जीव भांड्यात पडला. तिला मोठमोठ्याने हसावेसे वाटले.

घरी येऊन तिने विजारीला झकास इस्त्री केली आणि हॉटेलात नेऊन दिली. प्रुइटने विचारले, "वाळली एकदाची?"

"वाळली, साहेब."

दोरीवर बाळाचे झबले राहून गेले होते. गुलामीत केझायाची लेक विकली गेली, तेव्हा ती एवढ्याच मापाची होती. केझायाने झबले काढले, हाताने सारखे केले आणि पुन्हा दोरीवर घातले. ते केव्हाच वाळले होते.